जांघेची मागची भिंत

रोमच्या उत्तरेला, टायबर नदीलगत व्हिला ग्लोरी नावाची एक टेकडी आहे. २३ ऑक्टोबर १८६७ रोजी तिथं सत्तर-पंचाहत्तर तरुणांची एक तुकडी पोपच्या सैन्याशी भिडली. इटली एक झाली होती, रोम मात्र अजून पोपच्या सत्तेखाली होतं. शहरात उठाव होईल, आपण नदीतून शस्त्रं पोचवू, या हिशेबानं ही इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीची माणसं आली होती. उठाव फसला. तुकडीचा म्होरक्या एन्रिको काइरोली तिथंच मारला गेला, त्याचा भाऊ जोव्हान्नी जबर जखमी झाला. त्याच झटापटीत तेवीस वर्षांच्या एका पोराच्या उजव्या जांघेत संगीन घुसली, ती आतड्यापर्यंत. त्याचं नाव एदुआर्दो बास्सिनी. आदल्याच वर्षी पाव्हियाच्या विद्यापीठातून त्यानं डॉक्टरकीची पदवी घेतली होती, पण इथं तो शिपाई म्हणून लढत होता.

जखमी बास्सिनी कैदेत पडला. आतड्याला भोक पडल्यामुळे जांघेतल्या जखमेतून मळ झिरपू लागला. त्या काळात अशी जखम म्हणजे बहुधा मरणच. पुढे पाव्हियात त्याचे गुरू लुइजी पोर्ता यांनी त्याच्यावर उपचार केले आणि कित्येक महिन्यांनी ती जखम भरून आली. वीस वर्षांनी याच बास्सिनीनं जांघेच्या हर्नियावर इतिहासातला पहिला भरवशाचा इलाज जगापुढे मांडला. स्वतःच्या जखमेमुळेच तो या भागाकडे वळला, असं अनेकांनी लिहिलं आहे. कल्पना मोहक आहे, पण तिच्यावर मी फार भार टाकणार नाही. जांघेचा प्रश्न बास्सिनीच्याही आधी हजारो वर्षं माणसाला छळत होता आणि तो कुणालाच सुटला नव्हता. का सुटला नव्हता, हे समजायला आधी तो भाग नीट पाहायला हवा.

मुलगा आईच्या पोटात असतो तेव्हा त्याची वृषणं मूत्रपिंडांच्या आसपास तयार होतात. जन्माच्या आधी ती खाली सरकतात आणि जांघेतून वाट काढत अंडकोशात उतरतात. उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक पिशवी सोबत ओढून नेतात. पुढे ही पिशवी आपोआप मिटते, वाट मात्र राहते, कारण वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि वीर्यवाहिनी तिथूनच जायच्या असतात. मोठ्या माणसात ही वाट सुमारे चार सेंटिमीटर लांब असते आणि तिरकी असते. आतलं तोंड एकीकडे, बाहेरचं दुसरीकडे. खोकताना, जड उचलताना स्नायू आवळले की वाट दाबून बंद होते. रचना चोख आहे, पण त्या वाटेची मागची भिंत म्हणजे एक पातळ पडदा. उभ्यानं चालणाऱ्या माणसाच्या पोटाचा मोठा भार नेमका तिथंच येतो.

अशा कमकुवत जागेतून आतडं बाहेर उतरलं की त्याला हर्निया म्हणतात. ते उतरतं तीन वाटांनी. जन्मतःची पिशवी मिटली नाही तर ते आतल्या तोंडातून तिरकं उतरून थेट अंडकोशापर्यंत जातं. तान्ह्या बाळांत दिसतो तो हाच प्रकार, आणि मोठ्यांतही सर्वाधिक आढळतो तो हाच. दुसऱ्या प्रकारात वयानं, खोकल्यानं, मुतायला जोर करावा लागल्यानं मागची भिंतच सैल होते आणि समोरून फुगते. हा सरळ हर्निया सहसा उतारवयातल्या पुरुषांचा. तिसरी वाट जांघेच्या बंधाखालून, मांडीत जाणाऱ्या मोठ्या शिरेच्या शेजारून जाते. हा हर्निया पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. गाठ लहान, सुपारीएवढी, त्यामुळे लक्षात येत नाही. आली तरी लाजेपोटी सांगितली जात नाही. आणि घात करतो तो हाच, कारण ती फट अरुंद आणि टणक असते. एकदा आतडं तिथं अडकलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. गाठ दाबून आत जाईनाशी झाली, कडक झाली, दुखू लागली आणि उलट्या सुरू झाल्या, तर हातात तास असतात, दिवस नसतात.

सुश्रुतानं आंत्रवृद्धीचं, म्हणजे हर्नियाचं, जे वर्णन केलं आहे, ते वाचताना आजचा सर्जनही मान डोलावेल. ओझी वाहणं, बलवानाशी झुंजणं, झाडावरून पडणं ही कारणं त्यानं दिली. दुर्लक्ष केलं तर गाठ अंडकोशात उतरते, दाबली की आवाज करत वर जाते, सोडली की पुन्हा फुगते, असं नोंदवून त्यानं ती अवस्था असाध्य ठरवली. इजिप्तमधल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसमध्येही खोकल्यावर उठणाऱ्या अशा फुगवट्याचा उल्लेख आहे. पाहणाऱ्यांनी हा रोग फार लवकर आणि फार बारकाईनं पाहिला होता, पण त्यांना दिसत होता तो फुगवटा.

तिथंच सगळा घोटाळा होता. टायरला चीर पडली की आतली ट्यूब फुगून बाहेर येते; आता ट्यूबचा तो फुगा कापून किंवा बांधून काय उपयोग? युरोपातले वैदू शेकडो वर्षं नेमकं तेच करत राहिले. गावोगाव फिरणारे, हर्निया कापणारे लोक असत. ते जांघ चिरायचे, पिशवी बांधायचे, कापायचे, कधी तापल्या सळईनं डागायचे, आणि बहुतेकदा त्या बाजूचं वृषणही काढून टाकायचे. वाटच बंद करून टाकली की आतडं उतरणार कुठून, असा त्यामागचा हिशेब. रोगी जगला तर एका अंगानं अधू व्हायचा. जखम चिघळायला लागायच्या आत वैदू पुढच्या गावाला गेलेला असायचा.

त्याही काळात विचार करणारी माणसं होती. फ्रेंच सर्जन आम्ब्रोआज पारेनं सोळाव्या शतकात या सरसकट खच्चीकरणाविरुद्ध लिहिलं. पिएर फ्रांको हा स्वतः फिरस्ता सर्जन. त्यानं अडकलेलं आतडं मोकळं करण्याची शस्त्रक्रिया वर्णन केली. लिंडाऊच्या कास्पार श्ट्रोमायरनं १५५९ मध्ये रंगीत चित्रांनी भरलेलं एक हस्तलिखित तयार केलं. तिरका आणि सरळ हर्निया वेगळे आहेत, सरळ प्रकारात वृषणाला हात लावायची गरज नाही, हे त्यात आहे. श्ट्रोमायरबद्दल मला विशेष आदर वाटतो. भूल नाही, जंतूंची कल्पना नाही, अशा काळात एक माणूस चाकू उचलण्याआधी प्रकार ओळखायला सांगत होता.

१७३५ साली लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये क्लॉडियस आम्यांडनं अकरा वर्षांच्या एका मुलाचा हर्निया उघडला तेव्हा आत अपेंडिक्स सापडलं, आणि त्यात अडकलेली टाचणी. अपेंडिक्स काढण्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया अशी हर्नियातूनच झाली, तीही भुलीशिवाय.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही दशकं शरीररचनाकारांची होती. स्पेनचा खिम्बेर्नात, इटलीचा स्कार्पा, जर्मनीचा हेसेलबाख, लंडनचा अॅस्टली कूपर यांनी प्रेतं उघडून जांघेचा एकेक पदर सोडवला. हेसेलबाखचा त्रिकोण वैद्यकाची मुलं आजही पाठ करतात. सरळ हर्निया त्याच त्रिकोणातून येतो. कूपरचा ग्रंथ १८०४ आणि १८०७ अशा दोन भागांत आला. मागच्या भिंतीच्या त्या पातळ पडद्याचं स्वतंत्र अस्तित्व त्यानं दाखवून दिलं. कोडं कागदावर जवळजवळ सुटलं होतं. पण जिवंत माणसाची जांघ उघडायची म्हणजे पू आणि मरण, त्यामुळे हे ज्ञान वापरायची हिंमत कुणी करत नसे. रोग्याला चामड्याचा किंवा पोलादी स्प्रिंगचा पट्टा दिला जाई. शेतकरी, हमाल, खलाशी, सैनिक जन्मभर तो पट्टा आवळून कामं करत. खाली कातडी सोलवटायची, पट्टा जरा सरकला की आतडं पुन्हा उतरायचं.

१८४६ मध्ये ईथरची भूल आली. १८६७ मध्ये, बास्सिनी जखमी झाला त्याच वर्षी, जोसेफ लिस्टरनं जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख छापले. आता जांघ उघडता येत होती. तरीही निकाल वाईटच येत होते, कारण सर्जन अजून पिशवीच बांधत होते. बाहेरच्या तोंडापाशी पिशवी कापायची, भोक शिवायचं, आणि घरी जाताना रोग्याला पुन्हा पट्टा बांधायला सांगायचा. वर्ष-दोन वर्षांत फार मोठ्या संख्येनं हर्निया परत येत.

बरा झालेला बास्सिनी मग शिकायला बाहेर पडला. व्हिएन्नात बिलरोथ, बर्लिनमध्ये लांगेनबेक, म्युनिकमध्ये नुसबाउम, ब्रिटनमध्ये स्पेन्सर वेल्स आणि लिस्टर. त्या काळातले युरोपचे बहुतेक मोठे सर्जन त्यानं काम करताना पाहिले. १८८२ मध्ये तो पादुआच्या विद्यापीठात आला. ज्या रोग्यानं शस्त्रक्रिया करून घेतली त्याला पुन्हा पट्टा का लागावा, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला. शस्त्रक्रियेनंतरची जांघ निसर्गानं केलेल्या जांघेसारखी असली पाहिजे, दोन तोंडांची, तिरक्या वाटेची, मजबूत मागच्या भिंतीची, असं त्यानं ठरवलं आणि १८८४ मध्ये कामाला लागला.

त्याची शस्त्रक्रिया नीट पाहण्याजोगी आहे. कातडीखाली आधी एक चकाकता, पांढरा, तंतुमय पदर लागतो. आधीचे बहुतेक सर्जन त्याच्या बाहेरच थांबत. बास्सिनीनं तो लांबीभर उघडला, म्हणजे सगळी वाट डोळ्यांसमोर आली. मग वीर्यवाहिनी आणि रक्तवाहिन्यांची दोरी अलगद उचलून बाजूला धरली. तिच्यापासून हर्नियाची पिशवी सोडवत सोडवत पार आतल्या तोंडापर्यंत नेली, तिथं बांधली आणि कापली. इथपर्यंत हात कुशल असला की पुरे. यापुढचं त्याचं स्वतःचं होतं. मागच्या भिंतीचा सैल पडदा त्यानं मुद्दाम चिरला आणि वरच्या बाजूनं तीन थर एकत्र घेतले: पोटाचे दोन आतले स्नायू आणि त्यांच्याखालचा तो पडदा. ही तिपदरी कड त्यानं रेशमाच्या सुट्या टाक्यांनी खालच्या जांघेच्या बंधाला शिवली. नवी भिंत उभी राहिली. तिच्यावर दोरी परत ठेवली, आणि वरून तो पांढरा पदर मिटवला.

१८८७ मध्ये त्यानं इटलीतल्या सर्जनांपुढे हे मांडलं आणि १८८९ मध्ये पादुआत पुस्तक छापलं. त्यात २६२ शस्त्रक्रियांचा हिशेब आहे. परत आलेले हर्निया तीन टक्क्यांच्याही आत. शस्त्रक्रियेइतकाच मला हा हिशेब मोठा वाटतो. रोगी दवाखान्यातून चालत गेला म्हणजे बरा झाला, असं तेव्हा धरत. बास्सिनीनं आपली माणसं महिनोन्महिने, काहींना चार वर्षांहून अधिक काळ, पुन्हा पुन्हा तपासली. भिंत टिकली का, हे कळायला दुसरा मार्गच नव्हता.

त्याच १८८९ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या नव्याकोऱ्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात विल्यम हॉल्स्टेडनं स्वतंत्रपणे जवळजवळ तशीच शस्त्रक्रिया जाहीर केली. हॉल्स्टेडच्या हाताखालच्या जोसेफ ब्लडगुडनं पुढे हर्नियाच्या शस्त्रक्रियांत सर्वांनी रबरी हातमोजे घालायचा आग्रह धरला. १८९९ मध्ये त्यानं साडेचारशेहून जास्त रोग्यांचे आकडे दिले. हातमोज्यांनी जखम चिघळण्याचं प्रमाण झपाट्यानं उतरलं होतं. प्रत्येक ऑपरेशन थिएटरातला हातमोजा पक्का होण्यात जांघेच्या हर्नियाचा असा वाटा आहे.

पुढे मात्र वाईट झालं. बास्सिनीची शस्त्रक्रिया जगभर पसरली, तिच्यातलं मर्म मात्र वाटेत गळालं. मागचा पडदा चिरायला वेळ लागतो, खाली मोठ्या रक्तवाहिन्या असतात, भीती वाटते. मग सर्जन तो तसाच ठेवून वरचा स्नायू ओढून बंधाला शिवू लागले आणि त्यालाही ‘बास्सिनी’ म्हणू लागले. परत येणारे हर्निया दहा टक्के आणि त्याच्याही वर गेले. दोष बास्सिनीच्या नावावर जमा होत राहिला. त्याचा शिष्य अत्तिलिओ कात्तेरिना यानं गुरूच्या मूळ कृतीचा चित्रांसह ग्रंथ काढला. १९३४ मध्ये तो लंडनला इंग्रजीत आला. तोवर बास्सिनी जाऊन दहा वर्षं झाली होती.

मूळ कृतीची शिस्त पुन्हा रुजवली ती कॅनडात. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जाऊ पाहणारे कितीतरी तरुण हर्नियामुळे नाकारले जात होते. टोरोंटोच्या एडवर्ड अर्ल शोल्डाइसनं अशांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४५ मध्ये फक्त हर्नियासाठी हॉस्पिटल काढलं. तिथं मागची भिंत उघडून थरावर थर चढवून शिवत, भूल फक्त त्या भागापुरती देत, आणि रोग्याला लगेच चालायला लावत. त्याआधी हर्नियाचा रोगी आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवायची पद्धत होती. शोल्डाइसच्या हॉस्पिटलात परत येणारे हर्निया एका टक्क्याच्या आसपास राहिले.

तरी एक अडचण मुळातच होती. टाक्यांनी दोन कडा ओढून आणायच्या म्हणजे ताण आला, आणि ताणलेली ऊती आधी दुखते, मग हळूहळू फाटते. १९५८ मध्ये ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशरनं प्लॅस्टिकची जाळी वापरून दाखवली. पुढे पॉलिप्रॉपिलीनची विणलेली जाळी आली. लॉस एंजेलिसच्या अर्व्हिंग लिख्टेन्स्टाइननं १९८९ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह एक हजार रोग्यांचा अनुभव छापला. कडा ओढायच्याच नाहीत, कमकुवत भिंतीवर जाळी पसरून टाचायची, शरीर तिच्यात आपले तंतू विणून घेतं. एका पिढीत ही पद्धत सगळीकडे गेली. दुर्बिणीतून पोटाच्या आतल्या बाजूनं जाळी बसवायची पद्धतही नव्वदच्या दशकात तिच्या जोडीला आली.

इथून ही गोष्ट महाराष्ट्रात येते, दोन वाटांनी. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये जाळीशिवायची एक पद्धत प्रसिद्ध केली. बास्सिनी वाट उघडण्यासाठी जो पांढरा पदर चिरत असे, त्याचीच एक पट्टी दोन्ही टोकांना न तोडता वेगळी करायची आणि तिनं मागची भिंत बांधायची. स्नायूंना जोडलेली असल्यामुळे ती पट्टी त्यांच्यासोबत हलते, आवळते. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर लिख्टेन्स्टाइन पद्धतीशी तिची तुलना झाली. तीन वर्षांनी दोन्ही गटांत परत आलेले हर्निया सारखेच, मोजून दोन-दोन. परदेशी वस्तू शरीरात नको असलेल्या तरुणांसाठी आणि जाळी न परवडणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

दुसरी वाट धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याची. जाळी उत्तम, पण तेव्हा परदेशी कंपन्यांची जाळी हजारो रुपयांची असे. हर्निया तर जास्त करून पोत्यांची हमाली करणारा, विहिरीवर राबणारा, उसाच्या मोळ्या उचलणारा माणूस घेऊन येतो. त्याच्यासाठी जाळीची किंमत शस्त्रक्रियेहून मोठी ठरायची. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी साध्या मच्छरदाणीच्या कापडाचा विचार केला. ते कापडही पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्याच धाग्यांचं. कीटकनाशक न लावलेलं कापड घ्यायचं, धुवायचं, तुकडे कापायचे आणि १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक करायचे. तापमान याहून फार चढलं तर धागा आक्रसतो, म्हणून तिथं नेमकेपणा हवा. २००३ मध्ये त्यांनी आणि देशातल्या इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांनी आपले निकाल ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापले. तुकड्याची किंमत काही रुपये, आणि निकाल महाग जाळीच्या तोडीस तोड.

मोठ्या शहरांतून शंका आल्या, आणि यायलाच हव्या होत्या. शरीरात कायमची राहणारी वस्तू निव्वळ विश्वासावर घालता येत नाही. उत्तर आलं ते पूर्व युगांडातून. तिथं स्वीडिश आणि युगांडाच्या डॉक्टरांनी ३०२ पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. अर्ध्यांना कंपनीची जाळी, अर्ध्यांना मच्छरदाणीच्या कापडाची. कुणाला कोणती मिळाली, ते रोग्याला सांगितलं नाही. जानेवारी २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एका माणसाचा हर्निया परत आला, दुसऱ्या गटात कुणाचाच नाही. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. मच्छरदाणीची जाळी सुमारे एका डॉलरची होती, कंपनीची सव्वाशे डॉलरच्या आसपास. जाळी परवडत नाही म्हणून गरिबाची भिंत जुन्या ताणाच्या टाक्यांवरच ठेवावी लागते, या सबबीला त्यानंतर आधार उरला नाही.